तीन पायांचा हिशेब

फिरत्या नाटकाच्या, तमाशाच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या संचाला लाइटचे स्टँड घ्यायचे ठरले की दुकानात दोनच गोष्टी विचारल्या जातात: किती उंच जातो आणि किती किलो पेलतो. दोन्ही आकडे खोक्यावर ठळक छापलेले असतात. हा स्टँड ढकलला तर किती जोराला आडवा होईल, हे मात्र खोक्यावर नसते आणि कोणी विचारतही नाही. स्टँड वजनाने मोडून पडण्याची शक्यता तशी कमी; तो कलंडतो. म्हणून फिरत्या प्रकाशसाहित्याची निवड डोक्याकडून न करता पायाकडून करावी, असे माझे म्हणणे आहे. हे म्हणणे गैरसोयीचे आहे, कारण पाय जितका रुंद तितकी प्रेक्षकांतली जागा जाते, आणि जितका जड तितकी टेम्पोतली.

बाजारात सर्रास मिळणारा तीन पायांचा स्टँड घ्या. तीनच पाय असल्यामुळे तो तिवईसारखा खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, तिन्ही टोके टेकतातच. शाळेच्या पटांगणात किंवा देवळापुढच्या फरशीवर हा मोठा गुण आहे. पण त्याची किंमत मोजावी लागते. मधल्या दांड्यापासून प्रत्येक पायाचे टोक 60 सेंटिमीटरवर असेल, तर स्टँड कलंडतो तो त्या टोकावरून नव्हे, दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेवरून. ही रेषा दांड्यापासून फक्त 30 सेंटिमीटरवर असते, म्हणजे दिसणाऱ्या पसाऱ्याच्या बरोबर निम्म्यावर. आता दहा किलोच्या स्टँडवर, तीन मीटर उंचीवरच्या टी-बारला चार-चार किलोचे चार एलईडी पार दिवे लावा. एकूण वजन 26 किलो. ते 30 सेंटिमीटरने गुणून तीन मीटरने भागले की उरतात 2.6 किलो. वर एवढाच आडवा जोर लागला, तोही नेमका दोन पायांच्या मधल्या दिशेने, की सगळे खाली. पहिल्या रांगेतल्या मुलाच्या हातात यापेक्षा जास्त ताकद असते. खोक्यावर मात्र ‘क्षमता 40 किलो’ असे छापलेले असू शकते, आणि ते खोटेही नसते. तो आकडा सपाट जमिनीवर, बरोबर मधोमध, सरळ खाली येणाऱ्या वजनाचा असतो.

याच गणितातून पुढचे शहाणपण निघते. वीस किलोची वाळूची पिशवी एका पायाच्या टोकावर टाकली तर समोरच्या बाजूला पडण्याला ती भक्कम विरोध करते. पण त्याच पायाच्या डाव्या-उजव्या रेषांवरून स्टँड कलंडू लागला तर तिचा उपयोग शून्य, कारण ती त्या रेषांवरच बसलेली असते. तीच पिशवी दांड्याच्या बुंध्याशी टेकवली तर सगळ्या बाजूंनी सारखा फायदा होतो आणि 2.6 चे 4.6 किलो होतात. वजन एका अंगाला झुकणार असेल तर एक पाय नेमका त्याच दिशेला ठेवावा, म्हणजे तिथे 30 नाही, पुरे 60 सेंटिमीटर मिळतात. केबल वरून तशीच जमिनीवर सोडू नये. ती दांड्याला लपेटून बुंध्याशी बांधावी. मग अंधारात कोणाचा पाय अडकला तरी ओढ वरच्या टोकाला न बसता तळाला बसते. चौथा पाय घेतला तर रेषा 42 सेंटिमीटरवर जाते, पण मग प्रत्येक पायाला स्क्रूजॅक आणि लेव्हलची काच हवी. हँडल फिरवून चढणाऱ्या जड स्टँडना हे असते, शिवाय हात सुटला तरी थांबणारा ब्रेकही. विकत घेताना मी उंचीच्या आधी हा ब्रेक पाहीन.

असे दोन स्टँड उभे करून मध्ये ट्रस टाकला की वेगळाच प्राणी तयार होतो. ट्रसची सारी करामत त्रिकोणात आहे: चौकोन चेपतो, त्रिकोण चेपत नाही. दोन मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमच्या पोकळ नळ्या तिरप्या दांड्यांनी जखडल्या की मीटरला सहा-सात किलो वजनात तुळई मिळते. मला त्यात सर्वांत वेधक वाटतो तो जोड. नळीच्या तोंडात निमुळता ठोकळा, त्यातून आरपार जाणारी निमुळती पिन आणि पिनच्या शेपटाला क्लिप. पिन निमुळती असल्याने ठोकली की सांधा आवळतो, आणि उलट बाजूने एक ठोका दिला की सुटतो. पण रोज ठोकून भोक लांबट होते, पिन सैल बसते आणि मग ट्रस मध्यावर थोडा ओघळतो. मोडलेली तिरपी दांडी गावातल्या वर्कशॉपमध्ये वेल्ड करून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. या मिश्रधातूची ताकद उष्णतेच्या संस्कारातून आलेली असते. वेल्डच्या आसपास ती जवळपास निम्म्यावर येते. कारखाना हे जाणून ट्रस आखतो, वर्कशॉप नाही. आणि ट्रस किती वजन पेलतो याचा तक्ता वाचताना एक लक्षात ठेवावे: सगळ्या लांबीवर पसरलेले शंभर किलो आणि मधोमध टांगलेले शंभर किलो एक नव्हेत. मधले शंभर ट्रसला दुप्पट वाकवू पाहतात.

यावर जुन्या मंडपवाल्यांचा आक्षेप ठरलेला असतो: बांबू आणि वासे पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिले, त्यांना कोणी तक्ता विचारला नाही. आक्षेप खरा आहे, पण त्याचे कारण बांबूत नाही, खड्ड्यात आहे. वासा जमिनीत हातभर पुरलेला असतो. जमीनच त्याला धरून ठेवते. अॅल्युमिनियमचा स्टँड जमिनीवर फक्त बसलेला असतो. आपण जुने लाकूड टाकून नवा धातू घेतला, तेव्हा खड्डाही गेला. तो परत आणावा म्हटले तर डांबरी रस्त्यावर खणायला महापालिका दंड लावतात आणि सभागृहाच्या फरशीत खणता येत नाही. म्हणजे गेलेल्या खड्ड्याची भरपाई वजनाने आणि ताणाच्या दोरांनीच करावी लागते.

बंदिस्त नाट्यगृहात हे जमते. उघड्यावर वारा आला की हिशेब पालटतो. महाराष्ट्रात ही अडचण कॅलेंडरमध्येच आहे. झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतरच्या थंडीत असतो, तिथे निदान हवा शांत असते. नारायणगावात मात्र गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, सुपाऱ्या ठरतात आणि खेळ होतात चैत्र-वैशाखात, म्हणजे नेमके वळवाच्या दिवसांत. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 36 किलोमीटरला चौरस मीटरमागे सुमारे सहा किलो, ताशी 72 ला चौपट. आता ट्रसवर देणगीदाराचा सहा मीटर बाय तीन मीटरचा फ्लेक्स बांधा. पहिल्या वाऱ्यात तो 110 किलोने ढकलतो, दुसऱ्यात जवळपास 440 किलोने. लाइटचे वजन या आकड्यापुढे नगण्य आहे.

पाण्याची पिंपे हा स्वस्त उपाय आहे: रिकामी न्यायची, गावात भरायची, दोनशे लिटरचे दोनशे किलो. पण पिंप पुरलेले नसते, ते घसरते. धुळीच्या जमिनीवर दोनशे किलोचे पिंप आडव्या ओढीला त्याच्या निम्म्याइतकाही विरोध करील याची खात्री नाही. अमेरिकेत इंडियाना राज्याच्या जत्रेत 13 ऑगस्ट 2011 रोजी वादळी वाऱ्यात मंचावरचा सांगाडा कोसळून सात जण गेले. तिथे ताणाचे दोर काँक्रीटच्या अडथळ्यांना बांधले होते आणि ते अडथळेच सरकले. मातीचे मैदान असेल तर लोखंडी मेखा ठोकाव्यात, पिंपे त्यांच्या जोडीला.

‘आजवर काही पडले नाही’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण वजन रोज तेच असते, वारा तोच नसतो. खरी अडचण निर्णयाची आहे. खेळ रंगात असताना ट्रस खाली घ्यायचा तर यात्रा कमिटी नाराज, प्रेक्षक संतापलेले, आणि लाइटवाल्याचा शब्द सगळ्यांत हलका. म्हणून सुपारीच्या कागदावर वेळ आणि पैशांच्या जोडीने किती वाऱ्याला ट्रस उतरवायचा आणि ते कोण सांगणार, हे आधीच लिहून घ्यावे. वारा मोजायचे हातातले यंत्र एका चांगल्या लाइटपेक्षा स्वस्त मिळते. तरीही दोन्ही बाजूंची हँडले एका वेगाने फिरवत ट्रस उतरवायला वेळ लागतो, आणि वावटळ तेवढा देत नाही. तेव्हा फ्लेक्स तारेने किंवा केबल टायने जखडू नये. सुतळीने बांधावा, गाठी माणसाच्या हाताला येतील अशा खाली घ्याव्यात, आणि प्रत्येक बाजूच्या माणसाच्या खिशात सुरी असावी.