एकामागून दोन: क्यूबातल्या डेंग्यूचा मागोवा

१९७७ मध्ये क्यूबात डेंग्यूची मोठी साथ आली. विषाणू चार प्रकारांपैकी पहिला. शहरांतल्या सुमारे ४४ टक्के लोकांना लागण झाली. चार दिवस अंग ठणकलं, ताप उतरला, माणसं कामाला लागली.

१९८१ मध्ये दुसरा प्रकार आला. मे ते ऑक्टोबरात ३,४४,२०३ रुग्णांची नोंद झाली. १०,३१२ जण अत्यवस्थ झाले. १५८ दगावले, त्यांत १०१ मुलं.

मग दुसरा प्रकारच जहाल म्हणायचा? बँकॉकमध्ये १९६०च्या दशकात मुलांचा डेंग्यू अभ्यासणाऱ्या स्कॉट हॉल्स्टेड यांचा संशय वेगळा होता. पहिल्या लागणीत तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट, त्यांच्या आधाराने तो पेशींत अधिक सहज शिरतो. मग रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो.

क्यूबात हे पडताळून पाहता आलं, कारण तिथे कोणता प्रकार कधी आला याचा चोख हिशेब होता. १९८१ मध्ये गंभीर झालेल्या बहुतेकांना पहिल्या प्रकाराची लागण आधीच होऊन गेली होती. १९७७च्या साथीनंतर जन्मलेली एक-दोन वर्षांची मुलं मात्र जवळजवळ सुटली.

पुढे डासांविरुद्ध जोरदार मोहीम झाली आणि बरीच वर्षं शांततेत गेली. १९९७ मध्ये सांतियागो दे क्यूबात पुन्हा दुसरा प्रकार उगवला. १२ जण गेले, सगळे प्रौढ. मुलांच्या रक्तात पहिल्या प्रकाराची खूणच नव्हती. प्रौढांतलं मृत्यूचं प्रमाण मात्र १९८१ पेक्षा कितीतरी जास्त निघालं. वीस वर्षांचं अंतर चार वर्षांपेक्षा घातक ठरलं होतं.

पण हिशेब इतका सरळही नाही. पेरूतल्या इकितोसमध्ये पहिल्या प्रकारानंतर १९९५ मध्ये दुसरा आला, तरी गंभीर साथ उसळली नाही. तिथला विषाणू दुसऱ्या प्रकाराच्या अमेरिकी वंशाचा होता. क्यूबातला १९८१चा आशियाई मुळाचा.

दुसऱ्या लागणीचा हा धोका पुढे लसीतूनही समोर आला. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक शाळकरी मुलांना डेंगव्हॅक्सिया ही डेंग्यूची लस टोचली. ज्यांना डेंग्यू कधीच झाला नव्हता, त्यांच्या शरीरात लसच पहिल्या लागणीसारखी वागू शकते, हे नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादक कंपनीने जाहीर केलं आणि मोहीम थांबली. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला: ही लस द्यायची तर आधी रक्त तपासा, पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे का ते पाहा.