हँडीकॅमची कॅसेट आणि रुंद पडदा

लग्नाची जुनी कॅसेट डीव्हीडीवर करून नव्या टीव्हीवर लावली, की घरात हमखास कुणीतरी विचारतं, "अगं बाई, तेव्हा मी एवढी जाड होते?" नव्हती. ४:३ आकाराचं चित्र १६:९च्या पडद्यावर कडेपर्यंत ताणलं, की माणसं जागच्या जागी एकतृतीयांशाने रुंद होतात.

हा घोळ समजून घ्यायला एकच गोष्ट पुरते. १९९५च्या सुमारास आलेल्या मिनीडीव्ही कॅसेटवर, आपल्याकडच्या पाल पद्धतीत, प्रत्येक चौकट ७२० बाय ५७६ ठिपक्यांची असते. चित्र ४:३ असो की १६:९, ठिपके तेवढेच. डीव्हीडीचंही तसंच. म्हणजे रुंद डीव्हीडीत जास्त चित्र मावत नाही, तेच ठिपके आडवे पसरून दाखवले जातात. पसरायचे की नाही, हे सांगणारी खूण डिस्कवर नोंदलेली असते. ती चुकली की खरोखर रुंद टिपलेली माणसंही काटकुळी दिसतात.

कॅमेऱ्यावर 'वाइड' लिहिलंय म्हणून मात्र हुरळून जाऊ नये. काही हँडीकॅम वर-खाली नुसते काळे पट्टे मारत, मधल्या ४३२ ओळींतच चित्र उरे. काही तो मधला भाग कापून उभा ताणत. खरी रुंद चिप पुढच्या मॉडेलांत आली. पारख सोपी आहे : कॅमेरा दाराच्या चौकटीवर रोखून वाइडचं बटण दाबावं. दोन्ही बाजूंची भिंत जास्त दिसू लागली तर वाइड खरं. बाजू तशाच राहून उंबरठा नि वरची पट्टी गायब झाली, तर ती निव्वळ काटछाट.

मग जुन्या ४:३ चित्रणाचं काय करायचं? रुंद पडदा भरायचा तर ५७६पैकी १४४ ओळी कापाव्या लागतात, म्हणजे पाव चित्र गेलं. सप्तपदीत खाली तांदळाच्या राशींवरची पावलं आणि वर मुंडावळ्या, दोन्हींवर कात्री चालते. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्यावेत, हेच शहाणपणाचं. पट्टे दिसले की पैसे वाया गेले असं वाटणारी मंडळी असतात. त्यांना कापलेली पावलं दाखवावीत.

कॅसेटवरून संगणकावर चित्रण घेताना पिवळ्या पिनेच्या वायरीपेक्षा फायरवायर केबल केव्हाही बरी, कारण तीतून मूळ डिजिटल नोंद जशीच्या तशी येते. तासाभराच्या कॅसेटला तासच लागतो आणि जागा लागते सुमारे १३ जीबी. आजच्या लॅपटॉपना फायरवायरचं पोर्ट नसतं, म्हणून जुना डेस्कटॉप शोधावा लागतो. कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या कॅसेटवर पांढरट बुरशी दिसली, तर ती तशीच कॅमेऱ्यात घालू नये; हेड खराब होतं.

पुढची खोच ओळींच्या क्रमाची. पाल चित्रणात प्रत्येक चौकट दोन हप्त्यांत टिपली जाते, आधी एकाआड एक अशा अर्ध्या ओळी, मग उरलेल्या. डीव्हीच्या कॅसेटवर खालचा, म्हणजे दुसऱ्या ओळीपासूनचा, हप्ता आधी असतो. डिस्क बनवताना सॉफ्टवेअरने वरचा आधी धरला, तर स्थिर चित्र ठीक दिसतं, पण वरातीतला घोडा हिसके देत चालतो.

साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात. तासाभराचं चित्रण सेकंदाला ८ मेगाबिटच्या वेगाने नीट बसतं. दोन तास कोंबले की हा वेग ५च्या आसपास येतो, आणि रोषणाईखाली नाचणाऱ्या गर्दीचे चौकोनी ठोकळे होतात. दुकानदार "सगळं एकाच डीव्हीडीत बसवून देतो" म्हणाला, तर दोन करून मागाव्यात.

शिवाय डीव्हीडी ही पाहण्याची प्रत आहे, जपण्याची नव्हे. तीत चित्रण आवळून भरलेलं असतं. म्हणून काम दुकानात दिलं तरी डिस्कसोबत मूळ डीव्ही फाइलही हार्डडिस्कवर मागून घ्या, आणि ती हाती येईपर्यंत कॅसेट टाकून देऊ नका.