गायीचा रक्ताचा कर्करोग : दिसत नाही, पण पसरतो

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी दावणीला एखादी गाय असते. तिच्या दुधावर मुलांची वह्या-पुस्तके येतात, कर्जाचा हप्ता जातो. म्हणून गायींच्या रक्ताच्या कर्करोगाविषयी आम्ही चार गोष्टी सांगू इच्छितो.

या रोगाचा विषाणू १९६९ साली अमेरिकेत सापडला. तो रक्तातील पांढऱ्या पेशींत शिरतो आणि जनावर जिवंत असेपर्यंत तेथेच राहतो. लागण झालेल्या शंभर गायींपैकी जेमतेम पाच गायींना गाठी होतात. त्या वाळतात व मरतात. सुमारे तीस गायींच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या राहतात. उरलेल्या धडधाकट दिसतात आणि इतरांना रोग देत राहतात. अमेरिकेत २००७ साली पाहणी झाली, तेव्हा शंभरातल्या सुमारे ८४ दूध-गोठ्यांत हा विषाणू निघाला.

हा रोग मुख्यतः रक्तातून जातो. एकच सुई दहा गायींना टोचली, शिंगे कापायचे हत्यार न धुता दुसरीला लावले, गाभण तपासताना रक्त लागलेला हातमोजा बदलला नाही, की विषाणूला वाट मिळाली. रक्त पिणाऱ्या माश्या तो नेतात. आईच्या पोटातून व चिकातून तो वासरालाही मिळतो.

यावर औषध नाही, बाजारात लस नाही. मग उपाय काय? रक्ताची किंवा दुधाची तपासणी. मात्र सहा महिन्यांच्या आतील वासराची रक्ततपासणी फसवी ठरू शकते, कारण चिकातून आलेले आईचे प्रतिपिंड त्याच्या रक्तात असतात. ब्रिटनसारख्या देशांनी बाधित जनावरे शोधून काढून टाकली. १९९९ साली ब्रिटन रोगमुक्त ठरला. अमेरिकेत बाधित गायी इतक्या, की सगळ्या काढल्या तर गोठेच रिकामे होतील. म्हणून तेथे काही गोठेवाले ज्यांच्या रक्तात विषाणू सर्वांत जास्त, त्या गायी आधी काढतात आणि उरलेल्या बाधित गायी वेगळ्या बांधतात.

दूध उकळले की हा विषाणू मरतो, तेव्हा घाबरून जाऊ नये.

बंधू-भगिनींनो, सुईची किंमत काही रुपये, गायीची हजारोंत. डॉक्टर गोठ्यात आले की, "साहेब, आमच्या गायीला नवी सुई घ्या," एवढे म्हणायला लाजू नका. हा आपला हक्क आहे.