वाद ग्रुपवर, सूज पायांवर

गेल्या वर्षीच्या श्रावणातील ही गोष्ट आहे. आमच्या आजोळच्या मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे. साताऱ्याचे थोरले मामा, पुण्या-मुंबईकडचे भाचे-पुतणे, कोल्हापूरची मावशी, न्यू जर्सीत स्थायिक झालेली मावसबहीण असे तीसेक जण त्यात आहेत. एरवी तेथे वाढदिवसाच्या शुभेच्छा, नातवंडांची छायाचित्रे आणि सणावाराचे निरोप एवढेच असते. नागपंचमीच्या सकाळी मामांनी एक संदेश पुढे पाठवला. रक्तदाबाच्या गोळ्या हळूहळू मूत्रपिंडे निकामी करतात, पायांवर येणारी सूज ही त्याची पहिली खूण असते, औषध कंपन्या ही गोष्ट दडवून ठेवतात आणि सैंधव मीठ खाल्ल्यास गोळीची गरजच उरत नाही, असा त्याचा आशय होता.

पुण्याच्या भाच्याने तत्काळ उत्तर दिले, "मामा, हे सारे खोटे आहे. निदान तुम्ही तरी असले काही पाठवू नका." मामा निवृत्त विज्ञानशिक्षक. त्यांना ते शब्द लागले. "तुझ्यापेक्षा चार पावसाळे अधिक पाहिले आहेत," असे त्यांनी लिहिले आणि वाद पेटला. कोणी परदेशी नियतकालिकातील लेखाचा दुवा टाकला, कोणी आयुर्वेद विरुद्ध अ‍ॅलोपथी हा जुना विषय उकरून काढला, कोणी मोबाईलच्या टॉवरवर घसरले, तर कोणी 'व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठ' असे लिहून हसरे चेहरे पाठवले. संध्याकाळपर्यंत साठ-सत्तर संदेश झाले. अखेर मावशीने "सणाचा दिवस आहे, आता पुरे" असे बजावल्यावर सारे थांबले. भाचा जिंकला, असेच आम्हा सर्वांना वाटले. मामांनी पुढे काही लिहिले नाही.

महिनाभराने गौरी-गणपतीसाठी मी साताऱ्याला गेले. मामा प्रसन्न दिसत होते. पाय पुढे करून म्हणाले, "बघ, सूज पार उतरली. गोळी सोडून महिना झाला. आणि तुम्ही म्हणत होता, संदेश खोटा आहे!" मी घरातील यंत्राने रक्तदाब मोजला. तो 178/102 भरला. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा फरक पडला नाही.

त्या साठ-सत्तर संदेशांमध्ये, मी धरून, आमच्यापैकी एकानेही मामांना दोन साधे प्रश्न विचारले नव्हते : तुमच्या पायांवर सूज आहे का? आणि तुमची गोळी चालू आहे ना?

सूज का आली, का उतरली?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेल्यावर उलगडा झाला. मामा अनेक वर्षे अ‍ॅम्लोडिपिन ही गोळी घेत होते आणि काही महिन्यांपूर्वी तिची मात्रा वाढवण्यात आली होती. हे औषध सूक्ष्म रोहिण्या रुंदावते, म्हणून रक्तदाब उतरतो. मात्र त्यामुळेच काही जणांच्या बाबतीत रक्तवाहिन्यांतील द्रव आजूबाजूच्या पेशीजालात झिरपतो आणि गुरुत्वाकर्षणाने घोट्यांपाशी साचतो. मात्रा जितकी अधिक, तितकी ही शक्यता अधिक. गोळी थांबवली की सूज उतरते. मूत्रपिंड बिघडल्याची ती खूण नव्हे. अर्थात हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत यांच्या विकारांतही पायांवर सूज येते, म्हणून ती केवळ गोळीमुळे आली आहे असे घरच्या घरी ठरवू नये. डॉक्टरांनी मामांच्या रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घेतली. दोन्ही ठीक निघाली. मग पहिल्या गोळीची मात्रा कमी करून जोडीला दुसरे औषध देण्यात आले.

म्हणजे मामांचे निरीक्षण अचूक होते. सूज खरोखर आली होती, ती गोळीमुळेच आली होती आणि गोळी सोडल्यावर उतरलीही होती. चुकला तो त्यातून काढलेला निष्कर्ष, आणि तो त्यांना आयता मिळाला होता.

संदेशातील मूळ दावा तर वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. रक्तदाब दीर्घकाळ वाढलेला राहिला, तर मूत्रपिंडांतील नाजूक रक्तवाहिन्यांना इजा होते. उलटपक्षी मूत्रपिंड दुखावले की रक्तदाब वाढतो. त्यामुळे मूत्रपिंडाच्या बहुसंख्य रुग्णांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात. पाहणाऱ्याला वाटते की गोळ्यांमुळेच हे झाले. छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला, असे म्हणण्यासारखेच ते आहे. रक्तदाबाची काही औषधे मूत्रपिंडांचे रक्षणही करतात. कॅप्टोप्रिल या औषधाने मधुमेहींच्या मूत्रपिंडांचा ऱ्हास मंदावतो, हे 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसून आले. या गटातील औषधे सुरू केल्यावर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम थोडे वाढू शकते, म्हणूनच काही आठवड्यांनी रक्त तपासायला सांगतात. ती तपासणी टाळू नये.

सैंधव मिठाचेही तसेच. त्यातही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच असते. रक्तदाबाच्या दृष्टीने मिठाच्या रंगापेक्षा प्रमाण महत्त्वाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीच्या पोटात दिवसाला 5 ग्रॅमहून कमी, म्हणजे साधारण एका सपाट चमच्यापेक्षा कमी मीठ जावे. लोणचे, पापड, चटणी आणि फरसाण यांतील मीठही त्यातच मोजायचे.

आणखी एक गोष्ट. वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवत नाही. गोळी सोडल्यावरही मामांना छान वाटत होते ते यामुळेच. 'बरे वाटते आहे' हा रक्तदाब आटोक्यात असल्याचा पुरावा होऊ शकत नाही. शिवाय रक्तदाबाची काही औषधे एकाएकी बंद केल्यास तो उसळून वाढतो. म्हणून गोळी बंद करायचीच असेल, तर ती कशी करायची हेही डॉक्टरांनाच विचारावे.

चरकसंहितेतील दोन प्रकारचे वाद

आरोग्यविषयक वाद काही मोबाईलमुळे जन्माला आलेले नाहीत. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी, याचे सविस्तर विवेचन आहे. तेथे चर्चेचे दोन प्रकार सांगितले आहेत : संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा. पहिली स्नेहभावाने केलेली, दुसरी प्रतिपक्षाला नमवण्यासाठी केलेली. स्नेहाने चर्चा करणाऱ्याने मोकळेपणाने विचारावे, मोकळेपणाने सांगावे, पराभवाच्या भीतीने अस्वस्थ होऊ नये, दुसऱ्याला हरवल्याचा आनंद मानू नये आणि चारचौघांत त्याची बढाईही मारू नये, असा तेथील उपदेश आहे.

आमच्या ग्रुपवर त्या दिवशी जे झाले, ते विगृह्यसंभाषेत मोडणारे होते. भाच्याची माहिती बरोबर होती, पण ती तीस माणसांसमोर मामांची चूक दाखवण्यासाठी वापरली गेली. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्याची उत्तरपत्रिका सर्वांसमोर तपासली गेली. मग ते गप्प बसले आणि गोळी सोडल्याचे कोणालाही कळू दिले नाही. वाद संपला, पण काळजीचे कारण मात्र आमच्या नजरेआड गेले.

पडद्यावरचे शब्द

समोरासमोर जे वाद ओसरीवर विरून जात, ते मोबाईलवर का चिघळतात? एक कारण असे की लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली ई-मेलविषयीचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. आपले म्हणणे गांभीर्याचे आहे की उपरोधाचे, हे वाचणाऱ्याला सहज कळेल असे लिहिणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ते त्याच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी वेळा कळते. तेच वाक्य आवाजातून ऐकवले, तर सूर अधिक नेमका पोहोचतो. भाच्याचे "निदान तुम्ही तरी" हे शब्द फोनवर कदाचित आदराचे वाटले असते. पडद्यावर ते टोमण्यासारखे वाटले.

दुसरे कारण पुनरुक्तीचे. लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टॉपिनो या संशोधकांनी 1977 साली दाखवून दिले की, एखादे विधान पुन्हा पुन्हा कानावर आले की केवळ ओळखीचे झाल्यामुळे ते अधिक खरे वाटू लागते. हे तरुणांनाही लागू आहे. व्यायामाच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर एकच मजकूर आला, तर ती तीन माणसांची साक्ष वाटते. वास्तविक तो एकच संदेश तीन दारांनी घरात आलेला असतो.

खोट्या माहितीच्या प्रसारासाठी सरसकट ज्येष्ठांना दोष देणेही योग्य नाही. 2016 सालच्या अमेरिकन निवडणुकीच्या काळातील फेसबुकचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 65 वर्षांवरील लोकांनी खोट्या बातम्यांचे दुवे सर्वांत तरुण गटाच्या जवळजवळ सातपट पाठवल्याचे आढळले. परंतु असा एकही दुवा न पाठवणारेच सर्व वयोगटांत बहुसंख्य होते, हेही त्याच अभ्यासात आहे.

ज्येष्ठांसाठी

संदेश वाचून मनात शंका आली, तर ती दडपू नये. पण औषधात बदल करण्याआधी ती डॉक्टरांसमोर मांडावी. त्यासाठी संदेश थेट दाखवला तरी चालेल. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

गोळीमुळे काही त्रास होत असेल, मग ती सूज असो, कोरडा खोकला असो वा उठताना येणारी चक्कर, तो कधी सुरू झाला हे तारखेसह वहीत लिहून ठेवावे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी भारत सरकारचा औषधदक्षता कार्यक्रम 2010 पासून चालू आहे. 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही अशी माहिती देऊ शकतात. म्हणजे दुष्परिणाम दडवले जातात असे वाटत असेल, तर ते नोंदवण्याचा मार्ग आपल्या हाती आहे.

संदेशाच्या वर दोन बाणांची खूण दिसली, तर तो अनेक हातांतून फिरून आला आहे असे समजावे. असे संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील, अशी मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल 2020 मध्ये घातली, ती अफवांना आळा बसावा म्हणूनच. आपणही तेवढे थांबावे.

काळजी घेणाऱ्यांसाठी

घरातील वडीलधाऱ्यांनी आरोग्याचा संदेश पाठवला, तर "हे खोटे आहे" असे लिहिण्याआधी "तुम्हाला असे काही होते आहे का?" हे विचारावे. पुष्कळदा तो संदेश म्हणजे त्यांना थेट सांगता न आलेली तक्रार असते.

चूक दाखवायची असेल, तर ती ग्रुपवर न दाखवता फोन करून सांगावी. संदेशात काही अंश खरा असेल, तर तो आधी मान्य करावा. "सूज गोळीमुळे येऊ शकते, हे बरोबर आहे" या वाक्याने मामांनी आमचे पुढचे ऐकले असते. भेटीला गेल्यावर गोळ्यांची पाकिटेही पाहावीत. महिन्याच्या अखेरीस पाकीट भरलेले असेल, तर ते सारे काही सांगते.

एका बाबतीत मात्र चर्चेला जागा नाही. छातीत कळ आल्यावर जोरजोराने खोकत राहावे, पक्षाघात झाल्यास सुईने बोटे टोचून रक्त काढावे, असे संदेश वर्षानुवर्षे फिरत आहेत. घरी एकट्याने करायचा उपाय म्हणून खोकण्याला अमेरिकन हार्ट असोसिएशनची मान्यता नाही, आणि बोटे टोचून मेंदूतील गुठळी हलत नाही. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा छातीत दाटून येणे यांपैकी काहीही झाले, तर त्या क्षणी ग्रुपवर विचारू नये. 108 वर फोन करावा. असा चुकीचा संदेश ग्रुपवर आलाच, तर तो चुकीचा आहे हे सौम्य शब्दांत, पण सर्वांसमोर लिहावे, कारण तेथे तो वाचणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाचा प्रश्न असतो.

मामांचा रक्तदाब आता 134/82 च्या आसपास असतो आणि पायांवर सूज नाही. पुण्याचा भाचा दर रविवारी त्यांना फोन करतो आणि "आज किती भरला?" हे आधी विचारतो. मामा अजूनही संदेश पाठवतात, पण हल्ली ते ग्रुपऐवजी आधी भाच्याकडे जातात आणि खाली एक ओळ असते : "यात किती तथ्य आहे, सवडीने कळव." त्यावर त्या दोघांचा अर्धा अर्धा तास वाद चालतो. मामी सांगत होत्या, रविवारी सकाळपासून मामांचे लक्ष फोनकडे असते.