बदललेला माणूस तोच कसा?

लहानपणीचा मी आणि आजचा मी एकच, हे कशाच्या आधारे म्हणायचे? अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठांनी १९१६ साली उभारलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात ज्या वेदान्ताचा अभ्यास चाले, त्याचे उत्तर असे की शरीर आणि मन बदलते, आत्मा बदलत नाही. सतराव्या शतकात जॉन लॉकने वेगळे उत्तर दिले: आठवण जिथवर पोचते, तिथवर माणूस तोच. व्यवहारात आपण बहुधा लॉकचेच ऐकतो. पण १९३२ साली केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने प्रयोगांतून दाखवले, की आपण जुने जसेच्या तसे आठवत नाही. आजच्या समजुतीनुसार ते नव्याने रचतो. मग आठवणीच्या भरवशावर ओळख टिकत नाही. ती टिकते, कारण माणूस आपला भूतकाळ आपलाच मानतो आणि त्याचे देणे पुढे फेडत राहतो.

साने गुरुजींकडे पाहा. कोकणातल्या पालगडचे पांडुरंग सदाशिव साने तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आले, १९२४ मध्ये अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी विनोबांची गीता-प्रवचने उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. त्यातली आई दलित म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवायला श्यामला पाठवते, पण घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण केले. आईची करुणा त्यांनी ठेवली, तिच्यावरची शिवाशिवीची मर्यादा टाकली. बदल मोठा होता, तरी संस्काराचे नाते तुटले नाही.

यावर कोणी म्हणेल, एवढा बदललेला माणूस जुन्या चुकांची जबाबदारी सहज झटकेल. पण 'तेव्हाचा मी वेगळा होतो' एवढे म्हणून सुटका होत नाही. चूक आपली मानली तरच बदलाला अर्थ येतो. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे: विस्मरणाने ग्रासलेल्या वृद्धाचे काय? त्याला स्वतःचे नावही आठवत नसेल, तर भूतकाळ आपला कसा मानणार? तिथे त्याची ओळख त्याच्या माणसांनी सांभाळायची असते. ज्याची आठवण शाबूत आहे, त्याला मात्र ती स्वतःच सांभाळावी लागते. जळगाव-धुळ्याहून पुण्या-मुंबईला गेलेल्या तरुणाची अहिराणी बोली मागे पडली, म्हणून तो परका होत नाही. ज्या घराने आणि गावाने त्याला घडवले त्यांचे ऋण तो मानतो का, हे विचारायला हवे.