खेळाच्या द्वारे इंग्रजी वाचन

फिनलंडमधील युवॅस्कुला विद्यापीठात, वाचनदोषाचा आनुवंशिक संभव असलेल्या बालकांचे जन्मापासून दीर्घकाळ निरीक्षण करीत असता, हेइक्की ल्यूतिनेन आणि त्यांचे सहकारी यांनी जो ‘ग्राफोगेम’ नामक संगणकीय खेळ सिद्ध केला, त्याची रचना वरकरणी साधी आहे: मुलाने ध्वनी ऐकावा, पडद्यावरून खाली उतरणाऱ्या अक्षरांतून त्याचे अक्षर वेळीच निवडावे, आणि चुकल्यास ते तत्काळ दाखविण्याची तजवीज असावी. फिनिश भाषेत अक्षर व ध्वनी यांचा संबंध जवळजवळ एकास एक असल्याने एवढे पुरते. इंग्रजीत मात्र एकच स्वराक्षर शब्दागणिक निराळा उच्चार धारण करीत असल्यामुळे, केंब्रिजच्या उषा गोस्वामी यांच्या संशोधनास अनुसरून, तेथील एका आवृत्तीत ‘कॅट’, ‘बॅट’, ‘हॅट’ अशा समान अन्त्यध्वनींच्या शब्दकुलांवर भर देण्यात आला. ही योजना मला अत्यंत मार्मिक वाटते, कारण सुटा स्वर जेथे दगा देतो, तेथे शब्दाचा अन्त्यभाग बहुधा इमान राखतो. देवनागरीत मात्रा लिहिली की उच्चार बहुतांशी मुक्रर होतो. त्या शिरस्त्यात वाढलेल्या मराठी मुलास या साहाय्याची निकड विशेष. अहमदाबादेत या पद्धतीच्या खेळाचा प्रयोग झाला, तेव्हा मुलांचे अक्षरध्वनींचे ज्ञान स्पष्टपणे वाढले, इतर वाचनकौशल्यांवरील परिणाम मात्र अल्प राहिला. म्हणूनच खेळ आटोपताच शिक्षकाने त्याच शब्दकुलांतील शब्दांची छोटी गोष्ट मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावी, आणि अर्थ त्याला मराठीत सांगू द्यावा.