ट्रामचा डेपो कशासाठी जपायचा?

सनीव्हेलहून कॅलट्रेनने मिलब्रेला जावे आणि तिथून बार्टची गाडी धरावी. सॅन फ्रान्सिस्को शहरात शिरल्यावर थोड्याच वेळात बाल्बोआ पार्क स्टेशन येते. स्टेशनाला लागूनच, जिनीव्हा अव्हेन्यू आणि सॅन होजे अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, विटांची एक जुनी दुमजली इमारत उभी आहे. तिचे नाव जिनीव्हा कार बार्न. ‘बार्न’ म्हणजे गुरांचा गोठा किंवा धान्याचे कोठार. ट्रामगाड्या रात्री जिथे मुक्कामाला येत, त्या जागेलाही अमेरिकेत हाच शब्द लावला गेला. मुंबईकर त्याला ट्रामचा डेपो म्हणत.

ही इमारत १९०१ साली ‘सॅन फ्रान्सिस्को अँड सॅन मटेओ इलेक्ट्रिक रेल्वे’ या कंपनीने बांधली. सॅन फ्रान्सिस्कोत विजेवर चालणारी पहिली ट्राम याच कंपनीने १८९२ मध्ये सुरू केली होती. इमारतीचा आराखडा रीड बंधू या नामांकित वास्तुरचनाकारांचा. शेजारीच पॉवरहाऊस बांधले होते. ट्रामला दिष्ट प्रवाहाची वीज लागते. ती पॉवरहाऊसमधून डोक्यावरच्या तारेत जाई, आणि गाडीच्या छतावरचा दांडा तारेला टेकून ती खाली मोटरपर्यंत आणी.

डेपो म्हणजे नुसती गाड्या उभ्या करण्याची जागा नव्हे. चालक आणि कंडक्टर पहाटे इथे हजेरी लावत, कोणती गाडी कोणत्या मार्गावर न्यायची ते इथेच कळे, आणि दिवसभर जमलेली भाड्याची रक्कम संध्याकाळी इथेच मोजून द्यावी लागे. गाड्यांची धुलाई आणि दुरुस्तीही इथेच होई. रस्त्यावरच्या प्रवाशाला ट्राम दिसे, पण तिच्यामागे राबणारी माणसे दिसत ती डेपोत.

या कंपनीचा मार्ग शहराच्या दक्षिणेला कोल्मा गावावरून जाई. सॅन फ्रान्सिस्कोत नवीन दफनाला बंदी झाल्यावर शहरातील बहुतेक समाजांच्या दफनभूमी कोल्मात गेल्या. होम ऑफ पीस आणि हिल्स ऑफ इटर्निटी या ज्यू दफनभूमी तर १८८९ पासूनच तिथे आहेत. शवपेटी आणि सोबतचे आप्त यांना नेण्यासाठी कंपनीने खास ट्रामगाड्या ठेवल्या होत्या. कामाला जाणाऱ्यांप्रमाणे शेवटच्या प्रवासाला निघालेलेही याच रुळांवरून गेले.

१९०६ च्या मोठ्या भूकंपात इमारतीचे नुकसान झाले, पण ती दुरुस्त करून पुन्हा वापरात आली. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपाने तिला दुसरा तडाखा दिला. तोवर गाड्या ठेवण्याच्या जुन्या शेडही राहिल्या नव्हत्या. उरलेली इमारत पाडून टाकावी, असा विचार झाला. आसपासच्या रहिवाशांनी एकत्र येऊन तो हाणून पाडला आणि इमारत शहराच्या उद्यान खात्याकडे सोपवली गेली. २०२० मध्ये पॉवरहाऊसची दुरुस्ती पूर्ण झाली. ज्या खोलीतून ट्रामला वीज जाई, तिथे आता मुलांच्या कलावर्गांना आणि कार्यक्रमांना जागा मिळाली. कार्यालयाच्या मोठ्या इमारतीचे काम पुढच्या टप्प्यावर ठेवण्यात आले.

मुंबईची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. स्टर्न्स अँड किट्रेज कंपनीकडे ९०० घोडे होते. कुलाबा कॉजवेवर आज जिथे इलेक्ट्रिक हाऊस आहे, तिथे कंपनीचे कार्यालय होते. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाई, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. पायधुणीपासून मांडवीतले सॅम्युएल स्ट्रीट चालण्याच्या अंतरावर आहे. त्या रस्त्यावर बेने इस्रायल समाजाचे मुंबईतील सर्वांत जुने, १७९६ मध्ये स्थापन झालेले सिनेगॉग, शआर हारहामीम, आहे. म्हणजे मुंबईची पहिली ट्राम आपल्या जुन्या वस्तीच्या जवळच येऊन थांबत होती.

७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली आणि घोडे गेले. १९२० मध्ये दुमजली ट्राम धावू लागली. पुढे बसगाड्या वाढल्या, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली. त्याच वर्षी जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोची केबल कार राष्ट्रीय ऐतिहासिक ठेवा म्हणून जाहीर झाली होती. वॉशिंग्टन आणि मेसन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा तिचा डेपो आजही रोज कामात आहे. तिथली प्रचंड चाके रस्त्याखालचा दोर ओढतात, आणि लोक ते पाहायला जातात.

मुंबईत ट्रामचे रूळ उखडले गेले किंवा डांबराखाली गाडले गेले. फ्लोरा फाउंटनजवळ खोदकामात त्यांचे तुकडे पुन्हा वर आले. आणिक डेपोतल्या बेस्टच्या संग्रहालयात त्या काळच्या वस्तू पाहता येतात. पण सर्वांत टिकाऊ खूण लोकांच्या तोंडी आहे. दादर पूर्वेला खोदादाद सर्कलला अजूनही ‘दादर टी.टी.’ म्हणतात. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षे झाली तरी तिचा शेवटचा थांबा नावात राहिला आहे. मात्र ते नाव घेणाऱ्या पुष्कळ तरुणांना त्यातल्या दोन अक्षरांचा अर्थ माहीत नसतो.

डेपोचे वारसा म्हणून मोल इथे कळते. राजवाडे आणि प्रार्थनास्थळे जपायला माणसे पुढे येतात, कारण त्यांचे मोठेपण डोळ्यांना दिसते. डेपोत कोणी राजा राहिला नाही. तिथे पगारावर काम करणारी माणसे होती, आणि त्यांच्या कामाची नोंद इतरत्र फारशी सापडत नाही. इमारत उभी असली की मूल विचारते, “इथे काय होते?” इमारत गेली की तो प्रश्न विचारायचे कारणच उरत नाही. मग सांगणारे माणूस असूनही गोष्ट सांगायची राहून जाते.

मुंबईची ट्राम ज्यांनी स्वतः पाहिली, ते आता सत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. आपल्या समाजातही असे आजी-आजोबा आहेत. पुढच्या वर्गाला येण्यापूर्वी मुलांनी त्यांना एवढे विचारून यावे: ट्राम कुठे धरायचे, तिकीट किती होते, घंटा कशी वाजायची, आणि कोणत्या सणाला किंवा कोणाच्या लग्नाला ट्रामने गेले होते. उत्तरे त्यांच्याच शब्दांत, मराठीत लिहून आणावीत आणि खाली सांगणाऱ्याचे वय व मुंबईतली वस्ती लिहावी. जिनीव्हा कार बार्न शेजाऱ्यांनी वाचवले. ही आठवण वाचवायचे काम घरातल्या घरात होण्यासारखे आहे.